बारा-तेराचा पाना

कोल्हापुरात कुणी हौसेनं घर दाखवायला लागला, की आधी सोपा, मग देवघर, मग स्वयंपाकघर, मग गच्ची असा क्रम असतो. हवा स्वच्छ असेल तर गच्चीवरून दिसणारा जोतिबाचा डोंगरही घराच्या मालमत्तेतच धरला जातो. सगळं दाखवून झालं, पाहुण्यानं चपलांत पाय सरकवले, की यजमान जिन्याखालचं बुटकं दार किंचित उघडतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "हितं आमचं जरा किरकोळ सामान असतंय." त्या किरकोळ सामानात व्हाइस असतो, ग्राइंडर असतो, ड्रिल मशीन असतं, कुठल्याशा विकून टाकलेल्या स्कूटरचा कार्ब्युरेटर असतो. ते दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो देवघर दाखवतानाही आलेला नसतो.

याला गाव जबाबदार आहे. शिवाजी उद्यमनगर ज्या गावात आहे, तिथं हाताला ग्रीस न लागता म्हातारं होणं अवघड. या उद्यमनगरानं शेतकऱ्याला ऑइल इंजिनं दिली, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून गाड्यांची कास्टिंगं देशभर जातात, हे सगळे सांगतात. पण त्याची खरी करामत मोठ्या मालात नाही. मिक्सरचा तुटका कपलर, शिलाई मशीनचा झिजलेला गिअर, बंद पडलेल्या कंपनीच्या पंपाचा बुश असलं काहीतरी रुमालात गुंडाळून तिथल्या एखाद्या लेथवाल्याकडे न्यावं. तो कंपनी विचारत नाही, मॉडेल विचारत नाही. वस्तू बोटांत दोनदा फिरवतो, डोळा बारीक करतो आणि म्हणतो, "बसतंय की. उद्या संध्याकाळी या." उद्या संध्याकाळ म्हणजे परवा दुपार हे गावाला ठाऊक असतं, पण बसतं. अशा माणसांच्या शेजारी आयुष्य काढलं की मुलांना भूमिती शिकवून रिटायर झालेल्या माझ्यासारख्यालाही वाटायला लागतं, आपल्यालाही बसवता येईल. फक्त एक नीट वर्कशॉप पाहिजे.

मोठी गावं चौकाचौकांत घोडे आणि तलवारी उभ्या करतात. आम्हीही केल्यात. पण खरी कॉर्नरला आमच्या गावानं एक कॅमेरा उभा केलाय. बाबूराव पेंटरांची ती आठवण. बाबूरावांचा जन्म १८९० चा, घरचं आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम या सगळ्यांत वाकबगार. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. मग सिनेमाचं वेड लागलं. विलायती कॅमेरा आवाक्यातला नव्हता, तेव्हा कॅमेराच करायचं ठरलं. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांसारखे सहकारी हाताशी धरून तो उद्योग तडीला नेला, गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. सगळी माणसं कॅमेऱ्याचं कौतुक करतात. माझं डोकं मात्र ज्या खोलीत तो झाला त्या खोलीत अडकून पडतं. कानशी कुठं टांगलेल्या होत्या? उजेड कुठून यायचा? तेलाचा बोळा कशात ठेवायचे? आणि त्या खोलीतली एखादी कानस शेजारच्यानं 'आत्ता आणून देतो' म्हणून नेली नसेल, असं कोल्हापूर माहीत असलेला माणूस म्हणू शकणार नाही.

जाता जाता एक गंमत. बाबूराव मेस्त्री घरातून येऊन पेंटर झाले. त्याच मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्कर पेंटर व्हायला म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तिथं त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना आधी आणि त्याच्याभोवती गाव, असा सगळा आराखडा. वर्कशॉपची मांडणी करायची तर अशी करावी. आमच्याकडे जिन्याखालची जागा होती.

पेठेतल्या घरात गॅरेज नसतं. सोपा पाहुण्यांचा, माजघर सगळ्यांचं, परड्यात पाण्याची टाकी, धुणं आणि तुळस. पोटमाळ्यावर दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीचं मखर आणि माझ्या लग्नातली भांडी. तेव्हा जिन्याखालचा त्रिकोण माझ्या वाट्याला आला, तोही अटींवर. ग्राइंडर मालिकेच्या वेळी चालणार नाही. भुसा घरात येणार नाही. रंगाचा वास एकादशीला येणार नाही, कारण उपासाला आधीच डोकं दुखतं. त्रिकोण म्हटल्यावर मी मनातून सुखावलो होतो. पण भूमितीच्या पुस्तकातल्या त्रिकोणाच्या लघुकोनात डोकं आपटत नाही, हा फरक राहिलाच.

उजेडाचा प्रश्न पहिला. जुन्या गिरण्यांच्या छपरांना करवतीसारखे दाते असतात ते उत्तरेचा उजेड आत घ्यायला. तो उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात ऊन नसतं, सावली बोटांच्या मध्ये येत नाही. आमच्या जिन्याची उत्तर बाजू शेजारच्या आण्णांच्या भिंतीला लागून. म्हणून ट्यूब लावली. पुढचा प्रश्न टेबलाच्या उंचीचा, आणि तो दिसतो तेवढा साधा नाही. उभं राहून रंधा मारायचा असेल तर हात सरळ खाली सोडून तळवा जमिनीला समांतर धरावा, तो येईल ती टेबलाची उंची. कानस चालवायची असेल तर व्हाइसचे जबडे कोपराला यावेत, हे आयटीआयमधल्या फिटरच्या पोराला सुरुवातीलाच शिकवतात. म्हणजे लाकडाला एक उंची आणि लोखंडाला दुसरी. आमच्या हिनं तिसरी सुचवली. "असं करा, चकल्या करायच्या वेळी मलाही उपयोगी पडेल एवढं करा."

ती हे चेष्टेनं म्हणाली नव्हती, आणि तिच्या बाजूनं दाखला आहे. अमेरिकेत जूलिया चाइल्ड नावाची पाकशास्त्रातली मोठी बाई होऊन गेली. उंची सहा फुटांच्या वर. तिच्या घरचे ओटे नवऱ्यानं, पॉलनं, तिकडच्या नेहमीच्या ३६ इंचांऐवजी ३८ इंचांवर बसवून घेतले. शिवाय भिंतीवर भोकांची फळी ठोकून प्रत्येक कढई, प्रत्येक तवा टांगायला आकडा दिला आणि ज्याची जागा त्याची बाह्यरेषा मागं काढून ठेवली, म्हणजे धुऊन पुसणाऱ्यालाही कळावं कुठं काय. ते अख्खं स्वयंपाकघर २००१ साली उचलून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात नेलं. जगातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध घरगुती वर्कशॉप ते हेच. हे मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की त्या पॉलनं आधी बायकोची उंची मोजली.

आणि हे उंचीचं सगळं बाड ज्यानं एका फटक्यात निकालात काढलं असतं तो आमच्या लहानपणीचा सुतार. दारं-खिडक्यांचं काम निघालं की तो गोणपाटाची पिशवी खांद्याला लावून यायचा. रंधा, पटाश्या, वाकस, करवत, गिरमिट, गुण्या, एवढंच त्या पिशवीत असायचं आणि तेच त्याचं वर्कशॉप. परड्यात सावली बघून बसकण मारायचा. फळीचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसरं दोन्ही पायांत धरायचं. त्याचे अंगठे व्हाइसचं काम करायचे आणि टेबल म्हणजे जमीन, तिची उंची कुणी विचारत नाही. काम संपलं की भुसा बंबात, आणि वर्कशॉप खांद्याला मारून पुढच्या घरी. त्याच्या त्या पिशवीत कधी काही हुडकताना मी त्याला पाहिलं नाही. हात घालायचा आणि पाहिजे तीच पटाशी बाहेर यायची.

मला मात्र हुडकावं लागतं, आणि त्याचं कारण श्रीखंड. कोल्हापूर जिल्ह्यात वारणेच्या श्रीखंडाचे डबे धुऊन ठेवत नाही असं घर दाखवा. त्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, डबे एकावर एक राहतात, आणि खिळे-स्क्रूंसाठी त्यांच्यासारखं दुसरं काही बाजारात विकत मिळत नाही. दोष एकच, आतलं दिसत नाही. 'आम्रखंड'मध्ये एक इंची स्क्रू, 'केशर'मध्ये वॉशर, 'इलायची'मध्ये भिंतीत मारायच्या गिट्ट्या अशी वाटणी मी केली होती. ती पाठ होईपर्यंत सणवार आले, नवे डबे आले, क्रम बदलला. मे महिन्यात आलेल्या नातवानं सगळे डबे एकामागून एक उघडून पाहिले आणि माणसावरचा त्याचा विश्वास थोडा कमी झाला. मग मी प्रत्येक डब्यावर आतल्या मालाचा एक-एक नमुना सेलोटेपनं चिकटवला. ही युक्ती कुठल्याही लेबलापेक्षा बरी, कारण चष्मा नसला तरी बोटाला कळतं.

डब्यांच्या वरच्या फळीवर ज्या वस्तू असतात त्यांना सगळ्या घरांत एकच नाव आहे: लागेल कधीतरी. पंख्याची जळालेली मोटर, बिजागरीचं एक पान, कशाचं तरी झाकण, किल्ली हरवलेली कुलपं आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या. या फळीवरून घराघरांत वाद होतात म्हणून एक थोर नाव सांगून ठेवतो. वाफेच्या इंजिनाला ज्यानं खऱ्या अर्थानं कामाला लावलं तो जेम्स वॅट म्हातारपणी बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर वर्कशॉप थाटून बसला होता. पुतळ्यांच्या हुबेहूब नकला काढणारं यंत्र करायचा नाद होता. बायकोला धूर-काजळी खपायची नाही, म्हणून तो जेवायलाही खाली यायचा नाही, वरच काहीतरी परतून खायचा, असं सांगतात. १८१९ साली तो गेला आणि खोलीला कुलूप लागलं. शंभर वर्षांनी, १९२४ मध्ये, घर पाडायची वेळ आली तेव्हा ती खोली दार, खिडकी आणि जमिनीच्या फळ्यांसकट लंडनच्या सायन्स म्युझियमनं नेली. मोजदाद केली तर आठ हजारांहून जास्त वस्तू. इंग्रजांनी त्यातलं एक बिजागरीचं पानसुद्धा भंगारात घातलं नाही. २०११ पासून ती खोली लोक रांगेनं बघतात. आमच्याकडे दिवाळीच्या आधी भंगारवाला हाक मारत जातो तेव्हा मी ही गोष्ट जरा मोठ्यानं सांगतो.

एवढं असून वर्कशॉप लागलं नाही. पुतण्या शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. तो एका रविवारी आला, दारात उभा राहिला आणि डॉक्टरांनी एक्स-रे बघावा तसा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "काका, तुमच्याकडं फाइव्ह एस करावं लागतंय." जपान्यांनी कारखान्यासाठी काढलेली ही पाच पायऱ्यांची शिस्त आता आपल्याकडच्या कारखान्यांच्या भिंतींवर मराठीत रंगवलेली असते. नको ते काढा, हवं ते लावा, पुसा, पद्धत ठरवा, पद्धत मोडू नका. पुतण्यानं पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. ज्याचा उपयोग सांगता येणार नाही त्या वस्तूला लाल चिठ्ठी. कार्ब्युरेटरला लाल चिठ्ठी. पंख्याच्या मोटरला लाल चिठ्ठी. माझ्या आजोबांच्या वाकसाला तो चिठ्ठी लावायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला.

लाल चिठ्ठ्यांचा ढीग जिन्याबाहेर ठेवलेला आण्णांनी पाहिला. आण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी मोटर उचलली, कानाशी नेऊन हलवली.

"सर, ही टाकायलाय?"

"तसं ठरतंय."

"मग मी नेतो. आन् त्यो कार्ब्युरेटर बी."

"का हो, काय करणार?"

"लागंल कवातरी."

तत्क्षणी त्या दोन्ही वस्तूंचा उपयोग माझ्या लक्षात आला आणि मी चिठ्ठ्या काढून त्या आत नेल्या. पुतण्या म्हणाला, यासाठी जपान्यांकडे पायरी नाही.

पण त्यानं एक काम पक्कं केलं. जिन्याखालच्या सरळ भिंतीवर प्लायवूडची मोठी फळी बसवली, तिला पांढरा रंग दिला, सगळी हत्यारं तिच्यावर टांगली आणि काळ्या रंगानं प्रत्येकाची बाह्यरेषा काढली. कारखान्यांत याला शॅडो बोर्ड म्हणतात. हेतू असा, की कामाची पाळी संपली की एका नजरेत कळावं काय जाग्यावर नाही. जुन्या घरांतल्या खुंट्या आणि कोनाडे हेच काम करत होते. दिवा कुठं, पगडी कुठं हे भिंतच सांगायची. पहिल्या संध्याकाळी सगळी हत्यारं आपापल्या रेषांत बसली होती. मी ट्यूब लावून बराच वेळ नुसता बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी आल्या आणि बारा-तेराचा पाना घेऊन गेल्या.

हा पाना सगळ्यांत आधी का जातो याला कारण आहे. घरातल्या वस्तूंत आणि मोटरसायकलीत आठ मिलिमीटरचा बोल्ट फार. त्याचं डोकं तेराचं असतं, जपानी धर्तीच्या गाड्यांत बाराचं. म्हणजे या एका पान्याच्या दोन तोंडांत निम्मी गल्ली येते. त्याच्या खालोखाल मान दहा-अकराच्या पान्याला, कारण सहाच्या बोल्टचं डोकं दहाचं. अठरा-एकोणीसचा पाना मात्र फळी लागली त्या दिवसापासून जाग्यावर आहे, त्याच्याकडे बघून माझाच ऊर भरून येतो.

तर फळी शिस्तीसाठी लावली होती, आणि तिच्यावर भलतंच वाचायला मिळू लागलं. रिकाम्या रेषा बघून गल्लीत काय चाललंय ते कळतं. गणपतीच्या आधी पक्कड, वायर कटर आणि मोठी हातोडी एकदम नाहीशी होतात, म्हणजे तालमीचा मांडव उभा राहायला लागला. ड्रिल मशीन मे महिन्यात जातं. कुणाच्या तरी घरी लग्न ठरलंय, भिंतीला रंग लागलाय, नव्या घड्याळाला आणि फोटोंना भोकं पाडायचीत. फुटबॉलचा मोसम सुरू झाला, शाहू स्टेडियमवर पेठा पेठांशी भिडायला लागल्या, की सायकलचा पंप सुईसकट गायब. कानस गेली की कुठंतरी नवं कुलूप आणि जुनं दार यांचं जमत नाही. लहान स्क्रू ड्रायव्हर गेला की एखाद्या घरात चिमुकल्याचं बॅटरीवरचं खेळणं बंद पडलंय. आणि ओळंबा जातो तेव्हा कुणीतरी परड्यात न विचारता एक भिंत चढवतंय, आणि लवकरच दोन भाऊ माझ्याकडे निवाड्याला येणार, कारण मी सर.

कोण काय नेतं यावरून माणूसही वाचता येतो. काहीजण पाना मागताना आधी तब्येतीची चौकशी करतात, मग हवापाण्याची, मग साखर कारखान्याच्या दराची. काहीजण दारातूनच ओरडतात. आण्णा मागतच नाहीत, आत येऊन घेतात आणि 'घेतला' असं सांगतात. परत देतानाही तऱ्हा. एका घरातून करवत परत येते तेव्हा तिच्याबरोबर वाटीभर तांबडा रस्सा येतो. एका घरातून हातोडी येते आणि दांडा नवा असतो, जुना काय झाला ते मी विचारत नाही. आमची ही म्हणते की एवढं गल्लीला पुरवायचं तर दारावर पाटी लावा. मी तिला म्हणालो, पाटी ठोकायला हातोडी जाग्यावर नाही.

पावसाळा हा वर्कशॉपचा वेगळाच विषय. जून लागला की कोल्हापूरची हवा लोखंडाला खायला उठते. जुलैमध्ये रात्री पुसून ठेवलेल्या करवतीवर सकाळी तांबूस साय येते. हत्यारांवर तेलाचा बोळा फिरवायचा, खणात कापराच्या वड्या ठेवायच्या, नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या जपून ठेवायच्या, एवढं करता येतं. मांडणी मात्र आपण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडून शिकावी असं मला वाटतं. त्या बंधाऱ्याचे खांब कायमचे, पण मधले बरगे काढता-घालता येणारे. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदीला वाट द्यायची, पाऊस ओसरला की घालून पाणी अडवायचं. वर्कशॉपही असं असावं, फळी भिंतीत पक्की आणि बाकी सगळं उचलता येणारं. आमच्या गल्लीत पंचगंगा येत नाही, पण पंचगंगेमुळं माणसं येतात. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा शुक्रवार पेठेतले नातेवाईक घरी आले आणि जिन्याखाली त्यांच्या ट्रंका, मिक्सर, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं आणि एक पोपटाचा पिंजरा आला. टेबल बाहेर काढलं, फळी तेवढी वर राहिली. पोपट दिवसभर ग्राइंडरचा आवाज काढायचा, आणि मालिकेच्या वेळीही त्याला कुणी काही बोललं नाही.

हत्यारं सगळी एकत्र दिसायचा वर्षातला एकच दिवस, खंडेनवमीचा. गाव दसरा चौकातल्या सोन्याच्या तयारीत असतं, आणि घराघरांत पाटावर सुऱ्या, विळ्या, करवती मांडून हळद-कुंकू वाहिलं जातं. एसटीच्या डेपोपासून उद्यमनगरच्या लेथपर्यंत झेंडूच्या माळा. फळी लागल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी आदल्या दिवशी गल्लीत निरोप फिरवला, की ज्याच्याकडे जे असेल ते पूजेपुरतं आणून द्यावं. संध्याकाळपर्यंत बरंच आलं. तरी रंध्याची रेषा रिकामी राहिली, बारा-तेराची तर राहणारच होती. नवमीला सकाळी प्रसादाचं ताट द्यायला आण्णांकडं गेलो, तर त्यांच्या पाटावर, त्यांच्या हत्यारांच्या मधोमध, माझा रंधा. हळद-कुंकू लावलेला, वर झेंडू.

"आण्णा, हा आमचा."

"व्हय की. ठावं हाय मला. म्हणून तर मधी ठिवला."

पूजा मांडलेली. हलवता येईना. मी तिथंच हात जोडले. माझ्या रंध्याला आमच्या घरी कधी एवढी फुलं मिळाली नव्हती हेही खरं.

त्यानंतर मी फळीखाली एक पाटी टांगली, खडू ठेवला आणि सगळ्यांना विनंती केली की नेताना वस्तूचं आणि आपलं नाव लिहावं. तीस-पस्तीस वर्षं फळ्याशी गेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त कडक होता येत नाही. लोकांनी मनावर घेतलं. वहिनींनी लिहिलं, 'पाना. मीच.' तालमीच्या पोरांनी लिहिलं, 'हातोडी, पक्कड, शिडी, सर काळजी नको.' कुणीतरी नुसतं 'येतो' असं लिहून गेलं आणि ते कोण आणि काय घेऊन गेलं यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा चालली. आण्णांनी काहीच लिहिलं नाही. ते एका सकाळी स्वतःचा मोठा पाइप पाना घेऊन आले, हातभर लांब, एसटीच्या जमान्यातला. म्हणाले, "आमच्या सूनबाईनं घरात जागा ठेवली न्हाई. तुमच्या फळीवर ह्याची बी एक रेघ मारा."

जागा नव्हती. पुतण्याला बोलावलं. त्यानं माझ्या दोन पटाश्या खाली सरकवल्या, अठरा-एकोणीसचा पाना कोपऱ्यात नेला आणि मधोमध आण्णांच्या पान्याची रेघ मारली. महिन्याभरात वहिनींची नारळ खोवायची विळी मधल्या आकड्याला आली, कारण तिची धार मीच लावतो. तालमीनं पंपाच्या दोन सुया आणून टांगल्या. आता त्या फळीवर माझं किती आणि गल्लीचं किती हे पुतण्यालाही मोजता येत नाही.

परवा आमच्या टाकीचा कॉक गळायला लागला. मी जिन्याखाली गेलो, आण्णांचा पाइप पाना आकड्यावरून काढला आणि परड्यात नेला. अर्ध्या तासानं आण्णा आले. रिकाम्या रेघेकडं बघितलं, मग पाटीकडं, मग माझ्याकडं.

"सर," ते म्हणाले, "विचारून न्यायचा हुता."